वतन निवडणारा वैमानिक : इद्रिस लतीफ

प्रजासत्ताकदिनाच्या दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, “सर, काल टीव्हीवर दिल्लीची विमानं दाखवली. आपल्यातलं कुणी असतं का त्यात?”

आपल्यातलं म्हणजे कुणातलं, हे सोलापूरच्या आमच्या मोहल्ल्यात वेगळे विचारावे लागत नाही. मी म्हणालो, “बेटा, २६ जानेवारी १९५० ला, पहिल्याच प्रजासत्ताकदिनी, दिल्लीवरून जी विमाने उडाली, त्यांचे नेतृत्व करणाऱ्या वैमानिकाचे नाव होते इद्रिस हसन लतीफ.” वर्ग गप्प झाला. हे नाव एकालाही माहीत नव्हते. दोष मुलांचा नाही. आपण घरात कधी सांगितलेच नाही.

लतीफसाहेब तसे आपल्या शेजारचेच. सोलापुरातल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी हैदराबादेत आहेत. त्याच हैदराबादेत ९ जून १९२३ रोजी त्यांचा जन्म झाला. निजाम कॉलेजात ते शिकले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हवाई दलात अधिकारी झाले.

दुसरे महायुद्ध पेटले होते. भारताचे हवाई दल तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. लतीफ यांनी आधी कराचीच्या किनाऱ्यावर जुन्या विमानांतून शत्रूच्या पाणबुड्यांवर पहारा केला. मग मोजक्या भारतीय वैमानिकांबरोबर ते इंग्लंडला गेले, तिथे हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने चालवायला शिकले. परतल्यावर जपानी फौजांविरुद्ध ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी व्हेन्जन्स बॉम्बर उडवले. त्या आघाडीवरच्या त्यांच्या सोबत्यांपैकी दोघे म्हणजे असगर खान आणि नूर खान.

१९४७ साली देशाबरोबर हवाई दलाचीही वाटणी झाली. दहा स्क्वाड्रनपैकी, म्हणजे विमानांच्या तुकड्यांपैकी, सुमारे तीन पाकिस्तानकडे गेल्या. मुस्लिम अधिकाऱ्यांना कुठे जायचे ते निवडायचे होते. असगर खान आणि नूर खान तिकडे गेले. त्यांनी लतीफ यांनाही आग्रहाने बोलावले. लतीफ यांनी नकार दिला. धर्म एक गोष्ट आणि वतन दुसरी, असे त्यांचे साफ म्हणणे होते. तेव्हा त्यांचे वय होते २४.

पुढे असगर खान आणि त्यांच्यामागून नूर खान पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. इकडे १९७१ च्या युद्धात लतीफ हवाई दलाच्या मुख्यालयात योजनांची जबाबदारी सांभाळत होते. १ सप्टेंबर १९७८ ला ते भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले, त्या पदावर पोहोचलेले पहिले मुसलमान. त्यांच्याच कारकिर्दीत जॅग्वार विमाने दलात आली. १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या बेगम बिल्कीस लतीफ यांनी त्या काळात धारावीतल्या गरीब वस्तीत काम केले. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ३० एप्रिल २०१८ रोजी हैदराबादेत लतीफसाहेबांचा इंतकाल झाला.

आज कुणी आपल्या मुलांकडे निष्ठेचा दाखला मागतो, तेव्हा ती चिडतात किंवा मान खाली घालतात. त्यांना सांगायला हवे की हा निर्णय १९४७ मध्येच झालेला आहे. एकट्या लतीफसाहेबांनी नव्हे, इथेच राहिलेल्या आपल्या दादा-नानांनीही तो घेतला. फक्त त्यांची नावे कुठे छापली गेली नाहीत.

तास संपल्यावर ती मुलगी पुन्हा आली. “सर, मला जमेल?”

जमेल. पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएमध्ये २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो. हवाई दलासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवे. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. या परीक्षेची तयारी दहावीनंतर करून घेणारी महाराष्ट्र शासनाची संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींसाठी नाशिकला आहे.

तिने हे सगळे वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले. आता तिच्या अब्बांशी बोलायचे काम माझ्याकडे आहे. तुमच्या घरातही अशी वही असेल, तर ते काम तुमचे.