सणाचें धान्य आणि रोजचें धान्य

गोदावरीच्या कांठच्या गंगाखेडचें नांव महाराष्ट्राला मुख्यतः संत जनाबाईंमुळें ठाऊक आहे. त्यांचा जन्म या गांवचा, आणि आयुष्य गेलें तें पंढरपुरास नामदेवांच्या घरीं, दळण-कांडणांत. जनाबाईंचा विठ्ठल जात्याशीं येऊन बसतो, खुंट्याला हात लावतो. ही केवळ भक्तीची कल्पना नव्हे. पहांटे उठून धान्य दळल्यावांचून ज्या घरांत भाकरी होत नसे, त्या घरांतल्या बाईला देवाकडे दुसरें काय मागावेंसें वाटणार? सणावारच्या स्वयंपाकाचा विचार करावयाचा तर तो या जात्यापासूनच केला पाहिजे. कारण या भागांत सण म्हणजे सर्वांत आधीं जात्यांत पडणारें धान्य बदलणें.

परभणी जिल्ह्याची जमीन काळी. पावसाळा संपला तरी ती ओल धरून ठेवते, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी थंडींत वाढते. म्हणून येथील रोजचें अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तुरीचें वरण. गहूं थोडा, तांदूळ त्याहून थोडा. जें थोडें तें देवाचें आणि पाहुण्याचें, असा सरळ हिशेब होता. लहान मुलांना पंचांग कळत नसे. पण जात्याभोंवतीं ज्वारीच्या पांढऱ्या पिठाऐवजीं गव्हाची कणीक दिसली कीं आज कांहीं तरी आहे, हें त्यांना कोणी सांगावें लागत नसे.

गहूं सणाला हवा तो केवळ दुर्मिळ म्हणून नव्हे. ज्वारीची पुरणपोळी कां होत नाहीं, हें पाहिलें म्हणजे दोन्ही धान्यांचा स्वभाव समजतो. गव्हाचें पीठ भिजवून मळलें कीं त्यांतील प्रथिनांचें चिवट जाळें तयार होतें; शास्त्रज्ञ त्यास ग्लूटेन म्हणतात. कणीक तेलपाण्यानें तिंबून दोन तास झांकून ठेवावी म्हणजे हें जाळें सैल पडतें, आणि मग ती पुरणाच्या गोळ्याभोंवतीं न फाटतां ताणली जाते. ज्वारीच्या पिठांत असें जाळें नाहीं. तिचें पीठ एकत्र राहतें तें कढत पाण्यानें फुगलेल्या पिष्टाच्या चिकटपणावर. म्हणून भाकरी थापतां येते, ताणतां येत नाहीं. आणि पीठ जुनें झालें कीं तेवढाहि चिकटपणा उरत नाहीं. पिठाची विरी गेली, असें बायका म्हणतात, तें हेंच.

पुरणाचाहि असाच नियम आहे. हरभऱ्याची डाळ पुरती शिजून मऊ होण्यापूर्वीं गूळ घातला तर ती पुढें शिजत नाहीं, कणीच राहते. मग पाट्यावर कितीहि वाटली तरी पोळी फुटावयाची ती फुटतेच. डाळ बोटानें चिरडावी, कट काढून घ्यावा, मग बरोबरीचा गूळ घालून पुन्हा शिजवावें. पळी पुरणांत उभी राहिली कीं पातेलें उतरावें. कट टाकून देत नाहींत. त्याची आमटी होते. ही काटकसर खरीच, पण पुरणाच्या गोडावर तिखट-आंबट कांहीं तरी हवें, हेंहि त्यांत आलेंच. होळीला पुरण घरोघर शिजतें त्याचें कारण शेतांत आहे : हरभरा आणि गहूं तेव्हां नुकते हातीं येत असतात, आणि हिवाळ्यांत केलेला गूळ घरांत असतो. पोळ्याला हीच पोळी बैलाच्या तोंडीं देतात. ज्यानें पिकविलें त्याला त्या दिवशीं तरी ज्वारीच्या कडब्यावर ठेवावयाचें नाहीं.

नागपंचमीला मात्र तवा चुलीवर चढत नाहीं. चिरणें नाहीं, तळणें नाहीं. त्या दिवशींचें पुरण कणकेच्या पारींत दुमडून, दिंड करून वाफेवर उकडतात. वाफेची उष्णता पाण्याच्या उकळीपलीकडे जात नाहीं, म्हणून दिंडाला खरपूसपणा येत नाहीं. पण तो मऊ, ओलसर राहतो. त्यामुळेंच तो त्याच दिवशीं संपवावा लागतो. तव्यावर ओल उडालेली पोळी दुसऱ्या दिवशींहि चांगली लागते, किंबहुना कित्येकांच्या मतें अधिक चांगली. साहित्य एकच, अग्नि निराळा, आणि पदार्थ दोन.

भाद्रपदांत ज्येष्ठागौरी येतात. मराठवाड्यांत त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. वर करंज्या, लाडू, सांजोऱ्या यांचा फुलोरा टांगलेला, पुढें पुरणपोळी आणि सोळा भाज्या. या थाटामाटाच्या पानांत एका वाटींत ज्वारीच्या पिठाची ताक घातलेली आंबील असते. वर्षभर जिनें घर पोसलें ती ज्वारी सणाच्या दिवशीं बाहेर ठेविलेली नाहीं, हा त्या पानाचा सर्वांत सुंदर भाग आहे.

दिवाळीच्या फराळांत कसोटी लागते ती अनारशाची. तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावयाचे, पाणी रोज बदलावयाचें. या मुदतींत तांदूळ किंचित् आंबतो, दाणा ठिसूळ होतो आणि बारीक कुटला जातो. सावलींत फडक्यावर पसरून तो दमट असतांनाच कुटावा. कडकडीत वाळला तर पीठ गुळाला धरीत नाहीं. गूळ मिसळून गोळे चार-पांच दिवस मुरूं द्यावे. पुढें खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आंचेच्या तुपांत तळावयाचें, उलटावयाचें नाहीं. तुपांत पडतांच अनारसा विरघळून पसरला तर 'अनारसा हसला' म्हणतात. हसतो अनारसा, आणि रडकुंडीला येते करणारी! कारण बहुधा गूळ जास्त झालेला असतो. थोडें तांदुळाचें पीठ मिसळून गोळा पुन्हा कांहीं वेळ ठेवला कीं तो बहुधा सुधारतो. अधिक महिन्यांत जांवयाला तेहतीस अनारशांचें वाण देतात आणि पुरणाचे धोंडे करून जेवूं घालतात. वाण होतें तें अनारशांचें. त्यावर चांदीच्या ताटाची आणि कपड्यांची भर जेथें पडते तेथें रीत उरत नाहीं, लेकीच्या बापाचा खर्च तेवढा उरतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगी. तेव्हां धान्य पुन्हा बदलतें : तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ओला हरभरा, वांगीं, गाजर, बोरें यांची मिसळ भाजी. थंडींत अंगाला ऊब देणारें असें सगळें.

उन्हाळ्यांत शेवया. गव्हाच्या रव्याचा घट्ट गोळा मळून मळून, हातानें ओढून सुतासारखा बारीक करावयाचा. पुन्हा तें चिवट जाळेंच कामाला येतें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि येथें ईदेचा शीरखुर्माहि त्याच शेवयांचा होतो. दोन्ही घरांतल्या बायकांचे हात एकाच रीतीनें चालतात.

पुढें १९७२ चा दुष्काळ आला आणि सणाच्या धान्याची गोष्ट राहोच, रोजचेंच धान्य हरवलें. परदेशांतून आलेली मिलो नांवाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळे, आणि दुष्काळी कामांवर सुकडी. त्याच वर्षीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. रब्बी ज्वारीचें 'परभणी मोती' हें वाण तेथीलच. पण दरम्यान ताटांतला हिशेब उलटला होता. रेशनच्या दुकानांत गहूं आणि तांदूळ स्वस्त मिळूं लागले, गिरणीनें जात्याचे कष्ट संपविले, आणि सणाची पोळी चपाती होऊन रोजच्या डब्यांत गेली. हें वाईट झालें असें म्हणवत नाहीं. पहांटेचें दळण ज्यांनीं केलें त्यांपैकीं कोणी तें परत मागणार नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां ज्या भाकरीला शहरांत कोणी विचारीत नव्हतें ती उपाहारगृहांच्या पाटीवर मानानें झळकली.

गांव सोडून पुण्या-मुंबईस गेलेल्या कुटुंबांत आतां गहूं डब्यांत भरलेला असतो. विशेष आठवणीनें आणावी लागते ती ज्वारी. महालक्ष्म्यांच्या आधीं दोन दिवस कोणी तरी दुकानांत जाऊन पाव किलो पीठ मागतें, आणि तें ताजें आहे ना, याची दोनदां खात्री करून घेतें.