ठोकून पळाला... मग क्लेम कुणाचा?

पार्किंगमधल्या गाडीला रात्रीत कुणीतरी ठोकून गेलं की सकाळी सगळ्यांचा एकच प्रश्न, 'कोण?' सोसायटी गोळा होते, वॉचमनची उलटतपासणी होते, दुसऱ्या मजल्यावरचे काका पाण्याच्या टँकरवाल्यावर संशय घेऊन मोकळे होतात. पण खरं सांगू? इन्शुरन्सच्या हिशेबात हा 'कोण' फारसा मोजलाच जात नाही. तिथे पहिला प्रश्न असतो, तुमची पॉलिसी कुठली?

थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्यानेच सक्तीचा आहे. तो तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं, त्यासाठी. तुमच्या दाराला पोचा आला आणि ठोकणारा पसार झाला, तर या पॉलिसीचा उपयोग शून्य. त्याची थर्ड पार्टी असेलही, पण तो सापडायला तर हवा! आपल्या गाडीचे पैसे मिळतात ते 'ओन डॅमेज' कव्हर असेल तरच, म्हणजे ज्याला आपण सगळे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतो ते. प्रीमियम वाचवायला नुसती थर्ड पार्टी घेणारे ऑफिसात बरेच सापडतात. त्यांनी हा लेख इथे सोडला तरी चालेल. (शेवटचे दोन पॅरा मात्र वाचा.)

माझी साडेचार वर्षांची हॅचबॅक कोथरूडच्या गल्लीत उभी होती. मागचा बंपर फाटलेला, टेल लॅम्प फुटलेला, मागचं दार आत गेलेलं. गाडी हलवायच्या आधी मी फोटो काढले. जवळून, लांबून, नंबर प्लेटसकट, आणि रस्त्यावर पडलेल्या काचांचेसुद्धा. मग समोरच्या मेडिकलवाल्याकडे गेले. दुकानांचे सीसीटीव्ही ठरावीक दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसून नवं चढवत राहतात, त्यामुळे 'वीकेंडला बघू' म्हटलं की गेलंच. फुटेजमध्ये एक पांढरा टेम्पो दिसला. नंबर? अर्थातच नाही.

इन्शुरन्स कंपनीला त्याच सकाळी फोन केला, क्लेम नंबर घेतला, आणि एफआयआर लागेल का तेही तेव्हाच विचारून घेतलं. उभ्या गाडीच्या डेंटसाठी कंपन्या बऱ्याचदा त्याचा आग्रह धरत नाहीत. कुणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर मात्र पोलिसांशिवाय पान हलत नाही. तरीही मी चौकीत गेले. "कुणाला लागलंय का मॅडम? नाही ना? मग कशाला?" हे ऐकावं लागलंच. अर्धा तास बसून राहिले, लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला. तो कागद पुढे कामाला आला.

सगळ्यात गंमतशीर मुक्काम म्हणजे गॅरेज. तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने अगदी आपुलकीने सुचवलं, "मॅडम, रिव्हर्स घेताना खांबाला लागली असं लिहा ना. पोलिसांची भानगडच नको. आणि तो पुढचा जुना स्क्रॅचही यातच उरकून घेऊ." हे टाळाच! क्लेम फॉर्मवर सही आपली असते, ॲडव्हायझरची नाही. सर्व्हेअर रोज अशा पंचवीस गाड्या बघतो. खांबाचा मार कसा दिसतो आणि टेम्पोच्या कोपऱ्याचा कसा, हे त्याला कळतं. माहिती खोटी निघाली तर आख्खा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. मागचा-पुढचा मार वेगवेगळ्या दिवशीचा असेल, तर ते दोन क्लेम धरले जातात. आणि सर्व्हे होईपर्यंत गाडीला हात लावू द्यायचा नाही. नाहीतर सर्व्हेअर बघणार तरी काय?

क्लेम करू की नको?

आता खरा डोकेफोडीचा भाग. गॅरेजचं एस्टिमेट होतं ३४,००० रुपये: बंपर ६,०००, टेल लॅम्प ४,०००, दार १०,०००, मजुरी ६,००० आणि पेंटिंग ८,०००. कंपनी हे सगळे देणार असं वाटत असेल तर थांबा, मध्ये घसारा येतो. प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के कापतात. धातूच्या पार्टची कपात गाडीच्या वयावर, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. मजुरी पूर्ण मिळते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपण भरायचे, हे सक्तीचं.

म्हणजे बंपरचे ३,०००, लॅम्पचे २,०००, दाराचे ३,५००, रंगाचे १,००० आणि वरचे १,००० असे १०,५०० माझ्या खिशातून, २३,५०० कंपनीकडून. 'झीरो डेप' ॲड-ऑन असता तर घसाऱ्याचे ९,५०० वाचले असते.

आणि नो क्लेम बोनस? चूक टेम्पोवाल्याची, पण बोनस माझा जातो! हे अन्यायाचं आहे, पण नियम तसाच आहे. क्लेम न करणाऱ्याला ओन डॅमेजच्या प्रीमियमवर क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला शून्य, मग पुन्हा २० पासून सुरुवात. माझी सूट पुढच्या वर्षी ५० टक्के होणार होती. सूट धरण्याआधीचा माझा ओन डॅमेज प्रीमियम ८,००० रुपये. तो तेवढाच राहील असं धरलं तर पहिल्या वर्षी ४,००० जास्त, मग २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. पाच वर्षांत एकूण १०,०००. म्हणजे क्लेमचा निव्वळ फायदा १३,५००. केला क्लेम.

याच हिशेबाने माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने ७,००० रुपयांच्या बंपरचं बिल मुकाट्याने स्वतः भरलं, आणि बरोबर केलं. 'एनसीबी प्रोटेक्ट' असेल तर हे गणित बदलतं, तेव्हा आधी पॉलिसीची पानं उलटा.

विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा रिपोर्ट यायला हवा आणि रिपोर्ट मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. गाडी अडकून पडली तर मेलमध्ये या तारखा लिहा, फोनवर भांडण्यापेक्षा बरं. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही महिनाभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपाल आहेत. मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

पत्रा दुरुस्त होतो. माणसाला लागलं तर गोष्ट वेगळी. पळून गेलेल्या गाडीने कुणी दगावलं तर वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये देणारी केंद्र सरकारची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याआधी या रकमा २५,००० आणि १२,५०० होत्या! यासाठी जखमीकडे स्वतःची गाडी किंवा पॉलिसी असायची गरज नाही. पायी चालणारा, सायकलवाला, कुणीही.

अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा, सोबत पोलिसांचे आणि हॉस्पिटलचे कागद जोडून. महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं आहे. गाडी पुढे सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा रस्ता मोकळाच असतो. तिथे भरपाई मिळाली की ही रक्कम त्यातून वळती होते. तुमच्या ऑफिसखालचा डिलिव्हरी बॉय किंवा घरी येणाऱ्या मावशी यांच्यावर अशी वेळ आली, तर अर्ज लिहायला त्यांच्याबरोबर बसा. त्यांना तहसील कचेरीचा पत्ता माहीत असेल, ही योजना बहुतेक नसेल.