थरांत शिरले की वरच बसले? धातू-फॉस्फोनेटांच्या रचनेचा पडताळा

कीटकनाशक किंवा कामगंध रसायन स्तरित पदार्थात साठवून सावकाश मुक्त करण्याविषयीचे प्रस्ताव अलीकडे वारंवार वाचनात येतात. अशा वेळी माझ्यासारख्या कीटकशास्त्रज्ञापुढे एकच प्रश्न उरतो: रसायन खरोखर थरांमध्ये शिरले आहे, की कणांच्या पृष्ठभागावर नुसते चिकटले आहे? चिकटलेले असेल तर पहिल्या पावसातच ते धुऊन जाण्याचा धोका असतो. हा पडताळा कसा घ्यावा, हे धातू-फॉस्फोनेटांच्या उदाहरणातून चांगले समजते.

फॉस्फोनेटांचे कुल आपल्याला अपरिचित नाही. ग्लायफोसेट आणि इथेफॉन त्यातलीच. फॉस्फेटमध्ये फॉस्फरसला चार ऑक्सिजन जोडलेले असतात, तर फॉस्फोनेटमध्ये त्यांपैकी एकाच्या जागी कार्बन असतो. झिर्कोनियमच्या स्तरित फॉस्फोनेटात उरलेले तीन ऑक्सिजन तीन वेगवेगळ्या धातू-अणूंना धरतात आणि प्रत्येक झिर्कोनियमभोवती सहा ऑक्सिजन येतात. त्यातून सपाट थर विणला जातो. कार्बनी गट थराच्या वर आणि खाली उभे राहतात. दोन्ही अंगांनी लव असलेला गालिचाच म्हणा ना.

१९६४ साली अब्राहम क्लिअरफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने झिर्कोनियम फॉस्फेट स्फटिकरूपात मिळवले. १९७८ साली इटलीतील ज्युलिओ आल्बेर्ती आणि सहकाऱ्यांनी त्याची फॉस्फोनेट भावंडे तयार केली. झिर्कोनियमचा क्षार व फॉस्फोनिक आम्ल थेट मिसळल्यास तत्काळ जेलीसारखा, अव्यवस्थित साका बसतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल घातले की धातू फ्लुओराइडच्या पकडीत राहतो, तापवल्यावर हळूहळू सुटतो आणि थरांना नीट रचले जाण्यास अवधी मिळतो. हे आम्ल काच खाते व अत्यंत घातक आहे. म्हणून पात्र प्लॅस्टिकचे असते.

थरांतील अंतर क्ष-किरण विवर्तनाने मोजतात. झिर्कोनियम फॉस्फेटमध्ये ते सुमारे ०.७६ नॅनोमीटर असते; फिनाइल फॉस्फोनेटमध्ये सुमारे १.५. तांब्याच्या नळीतील क्ष-किरणांनी पहिले शिखर अनुक्रमे ११.६ आणि ५.९ अंशांच्या आसपास दिसते. अंतर वाढले की शिखर कमी अंशाकडे सरकते. पाहुणा रेणू आत शिरून थर दूर सारले गेले, तर हा बदल दिसायलाच हवा. जस्ताच्या फॉस्फोनेटातील पाणी काढून टाकल्यास त्या रिक्त जागी सरळ साखळीचे अमाइन बसतात, पण नायट्रोजनलगत फाटा असलेले शिरू शकत नाहीत. दाराची मापे इतकी काटेकोर असतात.

वजनात झालेली वाढ हा पुरावा नव्हे; पृष्ठभागावर चिकटलेल्या रसायनानेही वजन वाढते. शिखर सरकणेही एकट्याने पुरेसे नाही, कारण थरांतील पाणी कमी-अधिक झाल्यानेही ते सरकते. म्हणून नमुना तापवत वजनातील घट नोंदवावी, फॉस्फरसचा एनएमआर पाहावा आणि रिकामा व भरलेला असे दोन्ही नमुने एकाच आलेखावर मागवावेत. मोजणी २ ते ३ अंशांपासून सुरू झालेली असावी. ती १० अंशांपासून सुरू केलेले आलेखही पाहण्यात येतात. अशा आलेखात जे शिखर पाहायचे, तेच चौकटीबाहेर राहते.