बाररूमचा फलक आणि तारखेला आलेला माणूस

जिल्हा न्यायालयात बाररूमच्या दाराशी एक फलक असतो. त्यावर टाचणीने लावलेले कागद असतात: उद्या दुपारी दोन वाजता सर्वसाधारण सभा, ज्येष्ठ सभासदाच्या निधनाबद्दल शोकसभा, ई-फायलिंगचं प्रशिक्षण, वर्गणी भरण्याची शेवटची तारीख, वकिलांच्या क्रिकेट स्पर्धेसाठी नावनोंदणी. पक्षकार या फलकाकडे बघत नाही. तो कोर्टहॉलबाहेरच्या बोर्डावर आपल्या दाव्याचा नंबर शोधत असतो. तरीही त्याच्या दाव्याचा आज पुकारा होणार की नाही, हे पुष्कळदा या दुर्लक्षित फलकावरच्या एका कागदाने ठरतं. म्हणून बार असोसिएशनचा कारभार वकिलांइतकाच पक्षकारालाही माहीत असायला हवा, असं मला वाटतं.

कौन्सिल वेगळी, असोसिएशन वेगळी

या दोन नावांची गल्लत सुशिक्षित माणसंही करतात. बार कौन्सिल ही कायद्याने निर्माण केलेली संस्था. 1961च्या अधिवक्ता अधिनियमाने देशपातळीवर भारतीय विधिज्ञ परिषद आणि राज्यांसाठी राज्य परिषदा स्थापन झाल्या. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच कौन्सिल आहे. सनद देणं, वकिलांची नामावली ठेवणं आणि गैरवर्तनाच्या तक्रारींवर शिस्तभंगाची कारवाई करणं, ही कामं तिची. सनदेसाठी किती पैसे घ्यायचे तेही कायद्यात लिहिलेलं आहे. सर्वसाधारण उमेदवाराला एकूण 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125 रुपये. अनेक राज्यांच्या कौन्सिली त्याच्या कितीतरी पट रक्कम घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये गौरव कुमार प्रकरणात ते थांबवलं. शेतमजुराच्या मुलीला वकील होताना पहिला अडसर पैशांचा येऊ नये, एवढी साधी गोष्ट ठरायला इतकी वर्षं लागली.

बार असोसिएशन म्हणजे एका न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांनी स्वेच्छेने स्थापन केलेली संघटना. ती संस्था म्हणून नोंदवलेली असते, तिची घटना असते, वार्षिक वर्गणी असते, दरवर्षी हिशेब सभेपुढे ठेवावे लागतात. तालुक्याची वेगळी, जिल्ह्याची वेगळी. मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालयाची, कामगार न्यायालयाची, करसल्लागारांची अशा आणखी संघटना असतात. असोसिएशन कोणाची सनद काढून घेऊ शकत नाही आणि कोणाला सनद देऊही शकत नाही.

निवडणूक आणि महिलांची खुर्ची

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, ग्रंथपाल आणि कार्यकारिणी सदस्य अशी पदं सर्वसाधारणपणे असतात. निवडणुकीच्या आठवड्यात न्यायालयाच्या आवारात वेगळीच धावपळ दिसते. एकच वकील दोन-तीन संघटनांचा सभासद असेल तर मत कुठे द्यायचं, हा जुना वाद. सर्वोच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनपुरता तो 2011 मध्ये बी. डी. कौशिक खटल्यात सुटला. एका माणसाने एकाच बारमध्ये मत द्यावं, हे तत्त्व तिथे मान्य झालं. जिथे रोज काम करतो तिथला कारभार निवडावा, बाहेरून येऊन मतदानापुरता सभासद होऊ नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे.

महिलांना वकिलीची दारं कायद्याने उघडली ती 1923 मध्ये. त्यानंतर शंभर वर्षं उलटली, तरी कार्यकारिणीच्या फोटोत महिला बहुधा कडेलाच उभ्या दिसतात. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवायला सांगितलं. माझ्या मते हा प्रश्न मानापेक्षा सोयीचा अधिक आहे. महिला वकिलांसाठी स्वच्छतागृह, बसायला खोली, तान्ह्या बाळाच्या आईसाठी हिरकणी कक्ष या मागण्या सभेच्या विषयपत्रिकेवर येतात, त्या मांडणारं कोणीतरी टेबलापाशी बसलेलं असतं तेव्हाच. आणि अशा खोल्यांचा उपयोग पोटगीच्या दाव्यासाठी कडेवर मूल घेऊन येणाऱ्या बाईलाही होतो.

वकीलपत्रावरचं छोटं तिकीट

वकीलपत्र हातात घेऊन बघा. कोर्ट फीच्या स्टॅम्पशेजारी आणखी एक तिकीट चिकटवलेलं असतं. ते वकील कल्याण निधीचं. महाराष्ट्रात यासाठी 1981 पासून स्वतंत्र कायदा आहे. वकिलाला निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. घरातला कमावता वकील अचानक गेला, तर कुटुंबाला मदत मिळते ती या निधीतून. त्यासाठी वकिलाने आधी निधीचं सभासद व्हावं लागतं आणि नेमकं तेच अनेक जण पुढे ढकलत राहतात. चांगला सचिव शोकसभेची सूचना लावण्याआधी सभासदांचे हे अर्ज भरून घेतो.

पहिली पाच वर्षं

नव्या वकिलाचा दिवस असा जातो. सिनिअरच्या ऑफिसातून फायली उचलायच्या, पुकारा होताच उभं राहून मुदतीचा अर्ज द्यायचा, पुढची तारीख डायरीत लिहायची, झेरॉक्सच्या रांगेत थांबायचं. महिन्याच्या शेवटी हातात काय पडेल, याचा नेम नसतो. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरना शहरी भागात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये महिना मानधन द्यावं, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या गावी सगळ्या सिनिअरना हे परवडणार नाही, हेही खरं. पण घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं याच काळात वकिली सोडून नोकरीकडे वळतात, आणि त्यात गावाकडच्या पक्षकाराची भाषा जाणणारे वकील आपण गमावतो.

इथे बाररूमचं ग्रंथालय कामाला येतं. स्वतःची पुस्तकं घेण्याची ऐपत नसलेल्या मुलाला निकालपत्रांचे जुने बांधीव खंड, चालू कायद्यांची पुस्तकं आणि संगणक मिळतो तो तिथेच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन कायदे लागू झाले, तेव्हा ठिकठिकाणच्या बार असोसिएशनांनी घेतलेल्या व्याख्यानांचं मोल कळलं. खुनाचं कलम 302 होतं, ते 103 झालं. फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं. सगळ्यांत जास्त चकवा दिला तो 482ने. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठी वापरला जाणारा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार. नव्या प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि तो जुना अधिकार 528 मध्ये आहे. तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाच्याही तोंडी जुनाच आकडा येतो. शिवाय 1 जुलैपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू असल्याने टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडी ठेवावी लागतात. अशा वेळी शनिवारी दुपारी एखाद्या न्यायाधीशांनी किंवा ज्येष्ठ वकिलांनी घेतलेला दोन तासांचा वर्ग ज्युनिअरची महिनाभराची चाचपड वाचवतो.

‘आज कामकाज नाही’

बार असोसिएशनच्या बातम्यांत हा विषय सर्वांत नाजूक. एखाद्या वकिलावर हल्ला होतो, पोलीस ठाण्यात अपमान होतो, न्यायालयाची इमारत रखडते. मग सभा होते, ठराव होतो, वकील कामकाजापासून अलिप्त राहतात. संताप खरा असतो, कारणही बहुतेक वेळा खरं असतं. मात्र या प्रश्नावर कायदा स्पष्ट आहे. डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी कॅप्टन हरीश उप्पल खटल्यात सांगितलं की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा अधिकार नाही, प्रतीकात्मक संपाचाही नाही. निषेध करायचा तर पत्रक काढावं, दंडाला फीत बांधावी, आवाराबाहेर शांततेने मोर्चा काढावा, धरणं धरावं, साखळी उपोषण करावं. बारच्या किंवा न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, अशा अगदी क्वचित प्रसंगी एका दिवसापुरतं काम थांबलं तर न्यायालय त्याकडे डोळेझाक करू शकतं. तेही अध्यक्षांनी जिल्हा न्यायाधीशांशी आधी बोलल्यावर.

तरी संप थांबले नाहीत. उत्तराखंडातल्या काही जिल्ह्यांत दर शनिवारी न्यायालयावर बहिष्कार घालण्याची प्रथा पस्तीस वर्षांहून जास्त काळ चालली होती. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. पुढे एप्रिल 2023 मध्ये प्रत्येक उच्च न्यायालयाने वकिलांच्या तक्रारींसाठी निवारण समिती नेमावी, असा आदेश दिला. मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो. गाऱ्हाणं ऐकणारी जागाच नसेल, तर माणूस शेवटी रस्त्यावरच येतो.

मी स्वतः वकील म्हणून अशा बंदच्या दिवसांत सामील झालो आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. एका आजींचा पोटगीचा दावा होता. पहाटेच्या एसटीने त्या आल्या, व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, पिशवीत भाकरी आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले दाव्याचे कागद. अकराच्या सुमारास मी त्यांना म्हणालो, “आजी, आज कामकाज नाही, पुढची तारीख घेतली आहे.” त्यांनी फक्त विचारलं, “मग साहेब आले नाहीत का?” साहेब आले होते, आसनावर बसले होते. आलो नव्हतो ते आम्ही. त्या दिवसानंतर सभेत कामकाज थांबवण्याचा ठराव आला की मी लाल फीत लावून काम करू, असं सुचवतो. दर वेळी ते मान्य होतं असं नाही.

आरोपीचं वकीलपत्र घेऊ नये, असा ठराव

गावात काळीज हलवणारा गुन्हा घडला की बार असोसिएशनवर दडपण येतं: आरोपीच्या बाजूने कोणी उभं राहू नये. लोकभावना समजण्यासारखी असते. पण संविधानाच्या अनुच्छेद 22 प्रमाणे अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क आहे. तमिळनाडूतल्या ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे ठराव निरर्थक आणि बेकायदा ठरवले. वकिलाविना चाललेल्या खटल्यातली शिक्षा वरच्या न्यायालयात टिकणं कठीण असतं. म्हणजे असा ठराव पीडित कुटुंबालाही घातक ठरू शकतो.

कोल्हापूरची चार दशकं

बार असोसिएशन एकत्र आल्या तर काय घडू शकतं, याचं सर्वांत ताजं उदाहरण कोल्हापूरचं. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, औरंगाबाद आणि पणजीला होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे मात्र थेट मुंबईला जोडलेले. कोल्हापूर ते मुंबई अंतर सुमारे 380 किलोमीटर, सावंतवाडीच्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त. जमिनीच्या अपिलासाठी कोल्हापूरच्या शेतकऱ्याने रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, फोर्टातल्या उच्च न्यायालयात दिवस काढायचा. बोर्डावर शेवटपर्यंत नंबर लागला नाही की रात्रीच्या गाडीने परत. जेवण, मुक्काम आणि बुडालेली मजुरी असा खर्च पुन्हा पुन्हा झाला की माणूस अपिलाचा नादच सोडायचा.

सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी खंडपीठ कृती समितीमार्फत ही मागणी चार दशकांहून अधिक काळ लावून धरली. मोर्चे, धरणी, निवेदनं, मंत्र्यांच्या आणि मुख्य न्यायमूर्तींच्या भेटी, कितीतरी दिवसांचं बंद कामकाजही. त्या बंदचा भार पक्षकारांनी सोसला, हे विसरता येणार नाही. या काळात ज्युनिअर म्हणून घोषणा देणारे सिनिअर झाले, काही जण निकाल न बघता गेले. ऑगस्ट 2025च्या पहिल्या दिवशी अधिसूचना निघाली, 17 ऑगस्टला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि 18 ऑगस्टपासून सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं.

सर्किट बेंच आणि कायमचं खंडपीठ यांत फरक आहे. 1956च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51(3) खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने उच्च न्यायालयाची बैठक दुसऱ्या ठिकाणी भरवू शकतात. कोल्हापूर त्याखाली सुरू झालं. कायमच्या खंडपीठासाठी कलम 51(2) प्रमाणे राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादचा प्रवास याच वाटेने झाला. 1981 मध्ये बैठक, 1984 मध्ये कायमचं खंडपीठ. त्यामुळे कोल्हापुरातले वकील ‘कायमचं कधी’ हा प्रश्न सोडायला तयार नाहीत.

काम अडलं तर

वकिलाने फसवलं, कागद अडवून ठेवले, दुसऱ्या बाजूला जाऊन मिळाला, तर लेखी तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 35 खाली करायची. ताकीद, निलंबन ते सनद रद्द होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. ग्राहक आयोगात मात्र आता जाता येत नाही. 14 मे 2024च्या निकालाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यातून बाहेर ठेवली आहे. फी थकली म्हणून वकील पक्षकाराची फाईल अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 मध्येच सांगितलं आहे.

तक्रार एवढी गंभीर नसेल, वकील फोन उचलत नाही किंवा तारीख सांगत नाही एवढंच असेल, तर आधी बार असोसिएशनच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटावं. कायद्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, पण त्यांच्या शब्दाला बाररूममध्ये वजन असतं आणि अशी कितीतरी प्रकरणं चहाच्या टेबलावर मिटतात. दाव्याची तारीख तर आता 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून मोबाईलवरही दिसते. तो क्रमांक पहिल्याच दिवशी वकिलाकडून लिहून घ्यावा.

वकील करायची ऐपतच नसेल, तर न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं किंवा तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय गाठावं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोनवर विचारायचं असेल तर 15100 हा क्रमांक लावावा.