दोनशे फुल्या आणि एक रस्ता

पुढे सायकलचं एक चाक, मागे एक लोखंडी पाय, धरायला ढकलगाडीसारख्या दोन मुठी आणि मधोमध रस्त्याला टेकणारा एक लहानसा दांडा. तालुक्याच्या गावातला वेल्डिंगवाला सहज बनवून देईल असं हे यंत्र आहे. त्याचं नाव मर्लिन. ब्रिटनच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेतले एम. ए. कंडिल यांनी ते विकसनशील देशांसाठी तयार केलं आणि 1991 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. रस्ता किती खडबडीत आहे ते आकड्यात सांगणं, एवढंच त्याचं काम.

ते चालवायला पेन्सिल आणि धीर लागतो. चाकावर एक खूण केलेली असते. ती खाली आली की थांबायचं आणि मागचा पाय जमिनीला टेकवायचा. चाक आणि पाय यांच्यामध्ये 1.8 मीटर अंतर असतं. बरोबर मध्यावरचा दांडा त्या दोन टेकूंच्या रेषेच्या वर आहे की खाली, हे काटा दाखवतो, तेही दसपट मोठं करून. रस्त्यावरचा 1 मिलिमीटर कागदावर 1 सेंटिमीटर होतो. काटा थांबेल तिथे आलेखाच्या कागदावर फुली मारायची, मुठी उचलायच्या, चाकाचा एक फेरा पुढे जायचं आणि पुन्हा फुली. अशा 200 फुल्या होईस्तोवर साधारण 400 मीटर रस्ता पायांखालून जातो.

मग तो कागद पाहावा. रस्ता चांगला असेल तर फुल्यांची रास उंच आणि अरुंद होते, उखडलेला असेल तर ती पसरते. दोन्ही टोकांच्या दहा-दहा फुल्या सोडून द्यायच्या आणि उरलेल्या राशीची रुंदी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची. तिला 0.0471 ने गुणायचं आणि 0.593 मिळवायचे. रुंदी 100 मिलिमीटर भरली तर उत्तर येतं 5.3. सातवीतल्या मुलाला जमेल असं हे गणित आहे, आणि त्यातून निघणारा आकडा जगभरचे रस्ता अभियंते वापरतात तोच असतो. मला या यंत्राचं सर्वांत मोठं मोल तिथेच वाटतं.

हा आकडा आला ब्राझीलहून. 1970च्या दशकात केनिया, ब्राझील आणि भारत या देशांत रस्त्यांच्या स्थितीचा वाहनांच्या खर्चावर काय परिणाम होतो याचे मोठे अभ्यास सुरू झाले. भारतातला अभ्यास दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने केला. खराब रस्त्यावर टायर लवकर झिजतात, पाटे तुटतात, डिझेल जास्त लागतं. म्हणजे दुरुस्तीचे वाचवलेले पैसे ट्रकवाला, एसटी आणि भाजी बाजारात नेणारा शेतकरी भरत असतो. पण प्रत्येक देशाचं मोजमाप वेगळं होतं, त्यामुळे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येत नव्हते. म्हणून 1982 साली ब्राझीलिया शहराजवळ अनेक देशांची उपकरणं एकाच रस्त्यांवर चालवून पाहिली गेली. त्यातून आंतरराष्ट्रीय खडबड निर्देशांक ठरला. ताशी 80 किलोमीटर वेगाने एक काल्पनिक गाडी रस्त्यावरून गेली, तर दर किलोमीटरला तिची स्प्रिंग एकूण किती मीटर दबेल आणि उसळेल, याचा तो हिशेब आहे. नव्या डांबरी रस्त्याचा आकडा 2च्या आसपास असतो, उखडलेल्या खडीच्या रस्त्याचा 10च्याही पुढे जाऊ शकतो. मर्लिनच्या टेकूंमधलं अंतरही याच ब्राझीलच्या रस्त्यांच्या मोजणीवर संगणकात पारखून ठरवलं गेलं.

लेझरने मोजणाऱ्या गाड्या अर्थातच जास्त वेगवान आणि अचूक. पण त्या विकत घेणं, परदेशी सुटे भाग मागवणं आणि त्यासाठी माणसं शिकवणं एखाद्या जिल्हा परिषदेच्या आवाक्यातलं नाही. भारतात बरीच वर्षं गाडीमागे ओढल्या जाणाऱ्या चाकाचं ‘बम्प इंटिग्रेटर’ वापरलं जातं. ते ताशी 32 किलोमीटर वेगाने फिरतं, त्यामुळे काम भराभर होतं. मात्र त्याची स्प्रिंग वयानुसार सैल होते, आणि यंत्र म्हातारं झालं की रस्त्याचा आकडाही बदलतो. अशा यंत्राची पारख करायला मर्लिनसारखं हळू चालणारं, पण न थकणारं साधन उपयोगी पडतं.

आता खिशातला फोन. त्यात गाडीचा प्रत्येक गचका टिपणारा त्वरणमापक असतो आणि जागा सांगणारं जीपीएसही. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी 2008 साली ‘नेरिसेल’ नावाच्या प्रयोगात स्मार्टफोनवरून खड्डे, ब्रेक आणि हॉर्नसुद्धा ओळखून दाखवले होते. त्यानंतर अशी कितीतरी ॲप आली. मला त्यांचा आनंद वाटतो, कारण रोज त्याच मार्गाने जाणारी एसटी किंवा रुग्णवाहिका हा सगळा तालुका फुकटात मोजू शकते. तरी फोन काय मोजतो ते नीट समजून घ्यायला हवं. तो त्या गाडीला बसलेला धक्का मोजतो. गाडी जुनी की नवी, वेग किती, फोन घट्ट बसवलाय की डॅशबोर्डवर नुसता ठेवलाय, यावर आकडा हलतो. आणि आपल्याकडचा चालक खड्डा चुकवतो! जो खड्डा सगळ्यांना पाठ आहे, तो फोनच्या नोंदीत येतच नाही.

याहून स्वस्त साधन म्हणजे जीपचा वेगकाटा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांना 1 ते 5 गुण द्यायची एक पद्धत त्यावरच उभी आहे. चालकाने नेहमीसारखी, अंग न आदळता चालवली आणि वेग 40च्या वर राहिला तर 5 गुण. 10च्याही खाली आला तर 1. रस्ता झाल्यावर पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते, नंतर तो राज्याच्या तुटपुंज्या निधीत येतो. 20 रस्ते दुरुस्तीला आले आणि पैसे चारांपुरतेच असले, की निवड कशी होते हे गावोगावी माहीत आहे. आकडा असेल तर मागे राहिलेल्या वाडीचा माणूस किमान तो दाखवून भांडू शकतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मात्र खडबड दिसेपर्यंत रस्त्याचं बरंच बिघडलेलं असतं. पाणी आधी शिरतं. तुंबलेलं गटार, बुजलेली मोरी, रस्त्यापेक्षा उंच झालेली साइडपट्टी यांपैकी काहीही मर्लिनच्या कागदावर उमटत नाही, फोनमध्येही नाही. त्यासाठी पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन चालत जाणारा शाखा अभियंता लागतो.

आणि तो चालणारच असेल, तर त्याने मे महिन्यात एकदा मर्लिन घेऊन चालावं. किलोमीटरच्या दगडापासून सुरुवात करून 200 फुल्या माराव्यात आणि त्याच 400 मीटरवरून फोन लावलेली जीप न्यावी, म्हणजे जीपचा आकडा किती धरायचा ते कळेल. मग कागदावर तारीख घालून तो फायलीत ठेवावा, आणि दिवाळीनंतर त्याच दगडापासून नवा कागद लावून पुन्हा निघावं.