डोक्याचा मार : वेळीच ओळखा, वेळीच दाद मागा



खत-बियाण्याच्या पत्रिकेत डोक्याच्या माराचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात डोक्याला मार लागण्याचे प्रसंग शेतीच्या वाटेवरच जास्त येतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला गडी खड्ड्यात उसळून पडतो. उसाच्या गाडीवरून, मोहाच्या झाडावरून, विहिरीच्या काठावरून माणूस खाली येतो. बाजाराहून परतताना मोटारसायकल घसरते. घाटरस्त्यांचे तर विचारूच नका. २१ ऑक्टोबर २०२० रोजी कोंडाईबारी घाटात खासगी बस दरीत कोसळली. तीत ५ जण दगावले आणि तीसहून अधिक जखमी झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदसैली घाटात अस्तंब्याची यात्रा करून परतणाऱ्या भाविकांची पिकअप उलटली आणि कित्येक घरांची दिवाळी अंधारात गेली.

अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याच्या कपाळावरील भळभळत्या जखमेची गोष्ट सांगतात. ती जखम निदान दिसते तरी. मेंदूला लागलेला मार वरून दिसत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

आत काय होते?

मेंदू कवटीत बसलेला मऊ अवयव आहे. डोके आपटले की तो आत हादरतो. कधी कवटी व मेंदू यांच्यामधली रक्तवाहिनी फुटते आणि रक्त साचू लागते. कवटी कठीण असल्याने रक्ताला पसरायला जागा मिळत नाही, मग ते मेंदूलाच दाबते. म्हणून पुष्कळदा असे होते, की माणूस पडतो, थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, चहा मागतो, "काही झालं नाही" म्हणतो. घरचे निर्धास्त होतात. चार-सहा तासांनी तो झोपतो आणि उठवता उठत नाही. मधला हा बरेपणा फसवा असतो. म्हाताऱ्या माणसांत आणि रोज दारू घेणाऱ्यांत तर रक्त हळूहळू साचून दोन-तीन आठवड्यांनीही त्रास सुरू होतो.

धोक्याच्या खुणा

डोक्याला मार लागल्यावर पुढीलपैकी एकही खूण दिसली तर थांबू नये :

१. थोडा वेळ का होईना, बेशुद्धी आली.
२. पुन्हा पुन्हा उलटी होते.
३. डोकेदुखी कमी न होता वाढतच जाते.
४. सारखी झोप येते, जागे करणे कठीण जाते.
५. असंबद्ध बोलतो, माणसे ओळखत नाही, तोच प्रश्न पुन्हा विचारतो.
६. झटके येतात.
७. नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्राव येतो.
८. एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, जीभ जड होते.
९. डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात.
१०. लहान मूल सारखे रडते, दूध घेत नाही किंवा एकदम मलूल होते.

दारू प्यालेल्या माणसाला मार लागला तर "नशेत आहे, झोपू द्या" असे कधीही म्हणू नये. नशा आणि मेंदूचा मार वरून सारखेच दिसतात. फरक डॉक्टरच सांगू शकतात.

जागेवर काय करावे?

१०८ क्रमांकाला फोन लावावा, रुग्णवाहिका मोफत येते. तोवर जखमीला उगाच हलवू नये. डोक्याचा मार असला की मानेलाही मार असू शकतो. बसवू नये, गदागदा हलवू नये, मान वळवू नये. तोंडात पाणी, चहा, दारू काही घालू नये, कारण ते श्वासनळीत जाते. उलटी होत असेल तर दोघा-तिघांनी डोके, मान व धड एका रेषेत धरून सगळे अंग एकदम कुशीवर वळवावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके धरावे. कवटी खचलेली वाटली तर तिथे जोर देऊ नये. कानातून द्राव येत असेल तर कापूस कोंबू नये.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गाडी पोचत नाही, तिथे झोळीत घालून आणतात. झोळीत मान दुमडते. त्यापेक्षा बाज किंवा फळी घ्यावी, मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या घड्या ठेवाव्यात. जवळच्या दवाखान्यात प्रथमोपचार जरूर घ्यावा, पण वरील खुणा असल्यास मेंदूचे सीटी स्कॅन जिथे होते तिथे नेण्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावे. भगताकडे जायची श्रद्धा असेल तर ते मागाहून करा, पहिले काही तास दवाखान्याचे आहेत.

डॉक्टरांनी घरी सोडले तरी पहिले दोन दिवस जखमीला एकटे ठेवू नये. त्याला अधूनमधून उठवून नाव-गाव विचारावे. मनाने दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत.

मदत करणाऱ्यांनी पोलिसांच्या भीतीने मागे राहू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

जखम भरली, पण माणूस बदलला

काही महिन्यांनी घरची मंडळी म्हणतात, "धनी पहिल्यासारखे राहिले नाहीत." चटकन संताप, विसराळूपणा, झोप नाही, हिशेब जमत नाही, औत धरल्यावर चक्कर. ही बाहेरची बाधा नव्हे, आळसही नव्हे. हा मेंदूच्या माराचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना हे सगळे सांगून कागदावर लिहून घ्यावे. उपचारासाठी ते लागतेच, आणि भरपाईसाठीही लागते.

कायद्याची दाद

वाहनाचा अपघात असेल तर दवाखान्यात तसेच सांगावे. "घरी पडला" असे सांगितले की पुढे दावा अडतो. पोलिसांत फिर्याद द्यावी, प्रत मागून घ्यावी. वाहनाचा नंबर टिपावा. गावात बसून चार-पाच हजारांत मिटवून अंगठा देऊ नये. मेंदूचा मार किती खोल आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

- रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राच्या २०२५ च्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात.
- भरपाईचा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे करायचा असतो. कायद्यात मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे. गुजरातेत ऊसतोडीला गेले असता अपघात झाला, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो.
- ठोकर देऊन वाहन पळाले व सापडले नाही, तर मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी.
- शेतकरी खातेदार व कुटुंबातील एक जण (वय १० ते ७५) यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूस २ लाख रुपये, हात-पाय-डोळे गमावल्यास १ ते २ लाख. झाडावरून पडणे यांसारखे अपघातही यात येतात. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसे नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हरकत घेते आणि भरपाई अडकते. वऱ्हाड असो की मजूर, ट्रॉलीत माणसे भरू नयेत.

दाव्यात कमाई दाखवावी लागते. शेतकऱ्याला पगाराची पावती कुठून मिळणार? म्हणून सात-बारा, आठ-अ, मिरची-कापसाच्या विक्रीच्या पट्ट्या, कारखान्याची ऊस-पावती, दूध डेअरीचे पुस्तक जपून ठेवा. त्यासोबत दवाखान्याचे सगळे कागद, सीटी स्कॅनचा अहवाल, औषधांची बिले आणि कायमचे व्यंग राहिल्यास शासकीय रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र एका पिशवीत ठेवावे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. अनुसूचित जमाती व जातीचे लोक, महिला, मुले आणि अपंग यांना, उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

ही पत्रिका ग्रामपंचायतीत लावावी, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवावी. धोक्याच्या दहा खुणा आणि १०८, १५१०० हे दोन आकडे घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

— कृषी विस्तार अधिकारी