लांब मिशांचे भुंगे (भाग ७) : दोन चक्रांचा धनी

आंब्याच्या भिरुडाबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी. रिसोड तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाने असा प्रश्न पाठवला आहे, की सोयाबीन वावरात उभं असेपर्यंतच त्याच्या उत्तराचा उपयोग. ते विचारतात, ‘चक्री भुंग्याच्या मिशा जेमतेम त्याच्या अंगाएवढ्या. मग तो तुमच्या लांब मिशांच्या कुळात बसतो कसा?’

पक्का बसतो. मिशीची लांबी हा या कुळाचा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. एकाच जातीत नराची मिशी अंगापेक्षा कितीतरी लांब आणि मादीची आखूड, असं सर्रास असतं. म्हणून मिशी मोजू नका, ती कुठून फुटते ते पाहा. दहापट भिंगाखाली चक्री भुंग्याचा डोळा गोल दिसत नाही. त्याला खोल खाच असते आणि मिशीचं बूड त्या खाचेत बसलेलं असतं. मग पाऊल पाहा. त्यात चार पेरं दिसतात, पण असतात पाच. चौथं इवलंसं पेर तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये दडलेलं असतं. असं पाऊल पानं खाणाऱ्या भुंग्यांचंही असतं, कारण ते यांचे चुलतभाऊ. त्यामुळे नुसत्या पावलावर निकाल देता येत नाही. पाऊल आणि डोळ्याची खाच दोन्ही जुळली, की कुळ सेरांबिसिडी.

आता उपकुळ. याचा चेहरा उभा असतो, तोंड थेट जमिनीकडे. तोंडाजवळच्या लहान स्पर्शकांचं शेवटचं पेर टोकदार असतं. ही लॅमिइनी उपकुळाची खूण. काही वाचकांनी गहन यांचा ब्रिटिशकालीन भारतातल्या या कुळावरचा १९०६ चा खंड मिळवला आहे. त्यात चक्री भुंगा शोधू नका. त्या खंडात लॅमिइनी आलेच नाहीत. जुन्या अहवालांत हा भुंगा ‘ओबेरिया ब्रेविस’ म्हणून भेटतो, आता तो ‘ओबेरिऑप्सिस ब्रेविस’. कीटक एकच. लांबी ७ ते १० मिलिमीटर, डोकं आणि छाती पिवळसर तांबूस, पंखांचा मागचा भाग काळपट.

पण मला या भुंग्याचं खरं आकर्षण वाटतं ते त्याच्या कामाचं. मादी देठावर किंवा खोडावर जबड्याने एक चक्र कोरते, थोड्या अंतरावर दुसरं, आणि दोहोंच्या मध्ये भोक पाडून अंडं आत घालते. रस अडतो, वरचं पान मान टाकतं. अमेरिकेत रास्पबेरीच्या फांद्यांवर ओबेरिया प्रजातीतला एक भुंगा हेच करतो: दोन चक्रं, मध्ये अंडं. दोन खंडांवरच्या, वेगळ्या झाडांवरच्या भुंग्यांचा हात इतका सारखा असेल, तर मी त्या सवयीला मिशी आणि पावलाइतकंच वजन देतो. उलट तिकडच्या सोयाबीनवर याच उपकुळातला डेक्टिस नावाचा भुंगा आहे. त्याची मादी चक्र कोरत नाही. त्याची अळी मोसमाच्या शेवटी खोड बुडाशी आतून कातरते. पीक तेच, उपकुळ तेच, तरी कामावरून दोघं वेगळे ओळखू येतात.

आपल्या वावरातही कामच बोलतं. खोड चिरल्यावर पोखरलेलं दिसलं, की सगळा दोष चक्रीवर जातो. पण खोडमाशीही खोड पोखरते. बाहेर चक्रं नाहीत, आत लालसर नागमोडी वाट आहे आणि अळीला डोकं म्हणावं असं काही दिसत नाही, तर ती खोडमाशी. दोन चक्रं, बिनपायाची पिवळसर अळी आणि तिचं गडद कठीण डोकं दिसलं, तर चक्री भुंगा.

चक्र ताजं असताना हे ओळखता आलं तर नुकसान तिथेच थांबवता येतं. अळी सुरुवातीला त्या देठात किंवा फांदीतच असते, नंतर पोखरत खाली मुख्य खोडात उतरते. म्हणून मलूल पान दिसताच खालच्या चक्राच्याही खालून तो भाग तोडायचा आणि वावराबाहेर नेऊन नष्ट करायचा. उशीर झाला तर पूर्ण वाढलेली अळी जमिनीपासून १५ ते २५ सेंटिमीटरवर झाड कापते. मोसमाच्या अखेरची अळी खोडाच्या तुकड्यातच हिवाळा-उन्हाळा काढते आणि पावसाळा लागला की कोषात जाते.

मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या भागांतल्या वाचकांना एक विनंती. चक्रं सोयाबीनशिवाय मूग, उडीद, चवळी किंवा धुऱ्यावरच्या तणावर दिसली, तर झाडाचं नाव आणि दोन चक्रांमधलं अंतर कळवा. हा भुंगा केवळ सोयाबीनचा नाही. सोयाबीन आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर गेल्या काही दशकांतच आलं, त्यामुळे त्याची इतर ठिकाणं नोंदवणं मला फार गरजेचं वाटतं.

पुढच्या रविवारी आंब्याचा भिरूड, बॅटोसेरा. त्याच्या मिशांविषयी मात्र कुणाला शंका राहणार नाही.